पाच सेकंदांत जागा होणारा संगणक

शाळेत संगणकाचा तास आहे. घंटा होते, तुम्ही रांगेने संगणक-कक्षात जाता, जागेवर बसता आणि बटण दाबता. पडदा काळाच. मग एक खूण उमटते. मग एक चक्र फिरू लागते आणि फिरतच राहते. शेजारचा मित्र कुरकुरतो, "माझा अजून उठलाच नाही!" शिक्षकांचे फळ्यावर तारीख आणि धड्याचे नाव लिहून होते, तरी चक्र फिरतेच आहे.

संगणक एका सेकंदात अब्जावधी आज्ञा पार पाडतो, असे आपण वाचतो. मग जागे व्हायला त्याला एक-दीड मिनिट का लागावे? एवढा वेळ तो करतो तरी काय? आणि हा वेळ कमी करता येईल का? या प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधणार आहोत. त्यांतले एक आधीच सांगून ठेवतो. या वेळातला बराचसा भाग संगणक काम करीत नसतो. तो वाट पाहत असतो!

एवढी घाई कशासाठी?

तुम्ही म्हणाल, मिनिटभर थांबलो तर बिघडले कुठे? घरी फारसे बिघडत नाही. पण आता संगणक केवळ टेबलावर राहिलेला नाही. तो मोटारीतही बसला आहे.

मोटार मागे घेताना चालकाला गाडीच्या अगदी मागचा भाग दिसत नाही. तेथे एखादे लहान मूल खेळत असेल तर ते आरशातही दिसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१४ साली सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे, मागे येणाऱ्या मोटारींखाली सापडून त्या देशात वर्षाला सरासरी २१० माणसे दगावत होती आणि त्यांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले होती. म्हणून त्या देशाने नियम केला. १ मे २०१८ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागे कॅमेरा हवा आणि चालकाने रिव्हर्स गिअर टाकल्यापासून २ सेकंदांच्या आत त्याचे चित्र पडद्यावर दिसायला हवे.

आता विचार करा. सकाळी माणूस गाडीत बसतो, किल्ली फिरवतो आणि लगेच गाडी मागे घेऊ लागतो. पडद्यामागचा संगणक तर आत्ताच जागा होऊ लागला आहे. त्याने चाळीस सेकंद डोळे चोळत बसून कसे चालेल? तोवर गाडी फाटकाबाहेर गेलेली असेल. येथे एकेका सेकंदाला किंमत आहे, आणि ती पैशांत मोजण्यासारखी नाही.

बूट आणि बुटाची पट्टी

संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. हा बूट पायातल्या बुटाचाच नातेवाईक आहे बरे का! उंच बूट पायात ओढून घेण्यासाठी त्यांना मागे एक पट्टी असते. तिला इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला जमिनीवरून उचलणे, म्हणजे अशक्य गोष्ट करणे, अशी एक जुनी कल्पना आहे. संगणकाला रोज सकाळी असेच काहीसे करावे लागते.

कसे ते पाहा. संगणकाचा प्रोसेसर फक्त स्मृतीत असलेल्या आज्ञा पार पाडू शकतो. पण त्याची मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, वीज जाताच सारे विसरते. बटण दाबता त्या क्षणी ती कोरी असते. आज्ञावली डिस्कवर आहे खरी, पण ती डिस्कवरून स्मृतीत आणायची तर त्यासाठीही एक आज्ञावली लागणार. ती कोण आणणार?

यावर उपाय असा की, वीज गेली तरी न विसरणाऱ्या एका लहान चिपमध्ये थोड्याशा आज्ञा कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. त्यांना 'फर्मवेअर' म्हणतात. वीज मिळताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि या आज्ञा वाचू लागतो. पुढचा प्रवास मग रिले शर्यतीसारखा चालतो.

पहिला गडी फर्मवेअर. तो स्मृती, कीबोर्ड, डिस्क यांची जुजबी तपासणी करतो आणि काठी 'बूटलोडर'च्या हाती देतो. बूटलोडर डिस्कवरून 'कर्नेल' उचलतो आणि स्मृतीत आणून ठेवतो. कर्नेल यंत्राच्या सर्व भागांची ओळख करून घेतो, त्यांना कामाला लावतो आणि मग पहिली आज्ञावली चालू करतो. लिनक्स या प्रणालीत तिचा क्रमांक खरोखरच १ असतो. ही क्रमांक १ ची आज्ञावली मग बाकीच्या अनेक सेवा सुरू करते: घड्याळ, छपाई, ध्वनी, नेटवर्क आणि शेवटी तुमच्यासमोरचे चित्र.

म्हणजे गडी अनेक आहेत आणि लागणारा वेळ सगळ्यांचा मिळून आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कर्नेल म्हणजे गर

बदाम फोडला की आत गर निघतो. त्याला इंग्रजीत 'कर्नेल' म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा असाच आतला गर. कोणत्या आज्ञावलीला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, स्मृतीचा कोणता तुकडा कोणाला द्यायचा, डिस्कशी आणि कीबोर्डशी कसे बोलायचे, हे सगळे तो ठरवतो.

प्रत्येक उपकरणाची बोली निराळी असते. त्यामुळे कर्नेलजवळ त्या त्या उपकरणासाठी एकेक दुभाषा असावा लागतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. तुम्ही जी ऑपरेटिंग सिस्टिम घेता ती बनवणाऱ्याला तुमचे यंत्र कोणते हे ठाऊक नसते. म्हणून तो हजारो ड्रायव्हर भरून देतो. एक दिवसाच्या सहलीला निघताना रेनकोट, स्वेटर, छत्री, कंदील आणि गाद्यासुद्धा बरोबर घ्याव्या तसेच हे झाले. काय लागेल सांगता येत नाही, तेव्हा असू द्यावे सगळे!

पण लिनक्सची गोष्ट वेगळी आहे. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हे कर्नेल लिहायला घेतले आणि त्याची मूळ लिपी सर्वांना खुली केली. म्हणून ते शिंप्याकडच्या कापडासारखे आपल्या मापाने बेतता येते. बेतताना कर्नेल शेकडो बाबतींत विचारते, "हा भाग हवा का?" त्यावर बहुतेक ठिकाणी तीन उत्तरे देता येतात: 'हो, आतच शिवून टाक', 'नको' आणि 'वेगळा ठेव, लागला तर घेईन'. हा जो वेगळा ठेवलेला भाग, त्याला 'मॉड्यूल' म्हणतात.

आधी मोजा, मग कापा

तर मग काय, बसावे आणि भराभर 'नको, नको' म्हणत सुटावे? थांबा! येथेच बहुतेक जण चुकतात. एक साधे गणित करू.

समजा, तुमचा संगणक सुरू व्हायला ४० सेकंद घेतो. त्यांपैकी फर्मवेअर ६, बूटलोडर ५, कर्नेल ४ आणि बाकीच्या सेवा २५ सेकंद घेतात. तुम्ही रात्रंदिवस खपून कर्नेल दुप्पट वेगवान केले. ४ चे २ सेकंद झाले. मोठाच पराक्रम! पण एकूण वेळ ४० वरून ३८ वर आला, म्हणजे फक्त ५ टक्के बचत. तुमच्या मैत्रिणीने मात्र पाहिले की, बूटलोडर ५ सेकंद नुसता थांबून राहतो, 'कोणती प्रणाली सुरू करू?' असे विचारीत. या संगणकात तर एकच प्रणाली आहे! तिने तो आकडा ५ चा ० केला. एका मिनिटाच्या कामात तिने तुमच्या दुपटीहून अधिक बचत केली.

१९६७ साली संगणक अभियंता जीन अमडाल याने हाच विचार मांडला होता. एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून पहिला नियम असा: कोणता भाग किती वेळ खातो हे आधी मोजा.

हे मोजायचे कसे? लिनक्सचे कर्नेल आपल्या प्रत्येक निरोपापुढे वेळ लिहू शकते, तीही सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. प्रत्येक ड्रायव्हरने तयार व्हायला किती वेळ घेतला हेही ते मागितल्यास सांगते. शिवाय २००४ साली 'बूटचार्ट' नावाचे एक साधन निघाले. ते संगणक सुरू होत असताना कोण केव्हा जागे झाले, प्रोसेसर केव्हा कामात होता, डिस्क केव्हा कामात होती याचा आलेख काढते. असा आलेख प्रथम पाहणारा माणूस चकितच होतो. मोठमोठे पट्टे असे दिसतात की, तेथे प्रोसेसरही मोकळा आहे आणि डिस्कही मोकळी आहे. सगळे कोणाची तरी वाट पाहत आहेत.

पाच सेकंदांचे अंदाजपत्रक

सप्टेंबर २००८ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात लिनक्सच्या कारागिरांची एक परिषद भरली होती. तिचे नावही गमतीचे, 'लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्स'. घराच्या नळ्या दुरुस्त करणारा तो प्लंबर. हे लोक लिनक्सच्या आतल्या नळ्या दुरुस्त करणारे!

तेथे इंटेल कंपनीत काम करणारे दोन अभियंते, आर्यान व्हान डे व्हेन आणि आउके कोक, एक छोटा, स्वस्त लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी तो सुरू केला आणि पाच सेकंदांत तो कामाला तयार झाला. तो श्रोत्यांना हातात उंच धरून दाखवावा लागला, कारण प्रोजेक्टरला चित्र पकडायला जो वेळ लागतो, त्याच्या आतच संगणक सुरू झालेला असे.

त्या काळी फेडोरा नावाची लिनक्स प्रणाली जशीच्या तशी बसवली, तर सुरू व्हायला सुमारे ४५ सेकंद घेई. मग या दोघांनी कोणती जादू केली? जादू नव्हे, त्यांनी प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारला. 'आणखी थोडा वेग कसा वाढवता येईल?' असे न विचारता त्यांनी ठरवले की, हाती पाच सेकंद आहेत, त्यांतच भागवायचे. घरात महिन्याचा पगार ठरलेला असतो. त्यातून किराणा, भाडे, शाळेची फी यांचे वाटे आई-वडील आधीच घालून ठेवतात. तसेच त्यांनी वाटे घातले. कर्नेलला १ सेकंद, सुरुवातीच्या सेवांना १ सेकंद, चित्र दाखवणाऱ्या व्यवस्थेला १ सेकंद आणि मेज, खिडक्या, चिन्हे यांना २ सेकंद. ज्याने त्याने आपल्या वाट्यात भागवायचे, शेजाऱ्याकडून उसने मागायचे नाही.

आणखी एक अट त्यांनी घातली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. 'सुरू झाला' असे म्हणायचे केव्हा? पडद्यावर चित्र दिसले की झाले, असे त्यांनी मानले नाही. प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही शांत होतील तेव्हाच संगणक सुरू झाला, असे त्यांनी धरले. नाहीतर फसवणूक सोपी आहे. चित्र आधी दाखवायचे आणि खरे काम मागे तसेच चालू ठेवायचे. तुम्ही कळ दाबता आणि संगणक हूं की चूं करीत नाही, असा अनुभव तुम्हांलाही आला असेलच.

वेळ वाचवण्याचे चार मार्ग

आता हा वेळ प्रत्यक्ष कसा वाचतो, ते पाहू.

पहिला मार्ग: नको असलेले काम करूच नका. त्या फेडोरात पत्रे पाठवणारी 'सेंडमेल' ही सेवा सुरू होण्यात दोन सेकंद जात. पण लॅपटॉप वापरणाऱ्या किती जणांना स्वतःचे टपाल कार्यालय चालवायचे असते? कोणा एकाला ते हवे असते म्हणून बाकीच्या सर्वांनी रोज दोन सेकंद द्यायचे! कर्नेलातही असेच. ज्या लॅपटॉपला जुन्या फ्लॉपीचे यंत्रच नाही, त्याने फ्लॉपी शोधत का बसावे?

दुसरा मार्ग: रोज तेच गणित पुन्हा करू नका. चित्र दाखवणारी त्या काळची व्यवस्था दर वेळी कीबोर्डाचा नकाशा नव्याने तयार करीत असे. कीबोर्ड कालचाच, नकाशाही कालचाच, मग तो लिहून ठेवावा की! लिनक्सच्या कर्नेलात याचे आणखी एक छान उदाहरण आहे. अगदी सूक्ष्म वेळ थांबण्यासाठी कर्नेल काही फेऱ्या नुसत्याच मारते. पण एका ठरावीक वेळात किती फेऱ्या होतात, हे प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असते. म्हणून सुरू होताना ते स्वतःची परीक्षा घेऊन पाहते. छोट्या यंत्रांमध्ये या परीक्षेत सुमारे पाव सेकंद जाई. यंत्र तेच असेल तर उत्तरही तेच येणार. मग एकदा आलेला आकडा कर्नेलला आधीच सांगून ठेवला की, पाव सेकंद वाचला. आजच्या अनेक प्रोसेसरांना ही परीक्षा द्यावी लागत नाही, कारण त्यांच्या घड्याळावरून तो आकडा काढता येतो.

तिसरा मार्ग: उगाच बडबड करू नका. सुरू होताना कर्नेल शेकडो ओळींचे निरोप लिहीत असते. यंत्र बनवणारे हे निरोप पुष्कळदा एका साध्या तारेवरून दुसऱ्या संगणकावर वाचतात. त्या तारेचा नेहमीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एक अक्षर पाठवायला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. समजा, ६०० ओळी आहेत आणि एका ओळीत ६० अक्षरे. एकूण अक्षरे ३६,०००. भागाकार करा. तीन सेकंदांहून अधिक वेळ नुसत्या बोलण्यात गेला! 'क्वाएट', म्हणजे 'शांत राहा', हा एक शब्द कर्नेलला सांगितला की हा वेळ वाचतो. मोटारीच्या संगणकाला हे फारच उपयोगी.

चौथा मार्ग सर्वांत महत्त्वाचा: वाट पाहताना दुसरे काम करा.

रविवारी सकाळी चहा-पोहे करायचे आहेत. जाड पोहे धुऊन निथळत ठेवायला १० मिनिटे, चहाचे आधण यायला ६ मिनिटे, कांदा चिरायला ४ मिनिटे आणि फोडणी घालून परतून वाफ आणायला ८ मिनिटे. एक काम पूर्ण झाल्यावरच दुसरे घेतले तर २८ मिनिटे लागतील. पण तुमची आई असे करते का? ती पोहे निथळत ठेवते, एका बाजूला आधण चढवते आणि तेवढ्यात कांदा चिरून घेते. १० मिनिटांत हे सारे होते. पुढची ८ मिनिटे परतण्याची. एकूण १८. तिचे हात काही जास्त भरभर चालले नाहीत. तिने फक्त वाट पाहण्याचा वेळ वाया जाऊ दिला नाही.

संगणकातही अशी 'निथळणारी' कामे पुष्कळ असतात. यूएसबीला एखादे उपकरण जोडले की, जोडणी स्थिर होण्यासाठी किमान १०० मिलिसेकंद थांबावे, असा त्या पद्धतीचा नियमच आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. हा वेळ कापता येत नाही. पूर्वी कर्नेल एका उपकरणाशी बोलून, ते तयार होईपर्यंत थांबून, मगच दुसऱ्याकडे वळे. व्हान डे व्हेन यांनी अशी सोय लिहिली की, एकाला 'तयार हो' सांगून कर्नेलने पुढच्याकडे जावे आणि शेवटी सर्वांची हजेरी घ्यावी. मार्च २००९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत ही सोय आली.

पोह्यांच्या उदाहरणात आणखी एक धडा दडलेला आहे. तुम्ही कांदा ४ ऐवजी २ मिनिटांत चिरलात, तर नाश्ता किती लवकर होईल? मुळीच नाही! १८ मिनिटेच लागतील, कारण पोहे अजून निथळतच असतील. ज्या साखळीवर एकूण वेळ अवलंबून असतो, तिच्यातली कडी आखूड केली तरच फायदा.

तीच युक्ती, उलटा परिणाम

एका ठिकाणी उपयोगी पडलेली युक्ती सगळीकडे उपयोगी पडेल असे नाही. कर्नेल डिस्कवर दाबून, लहान आकारात ठेवलेले असते आणि स्मृतीत आल्यावर ते उलगडावे लागते. दाबून ठेवावे की न दाबता ठेवावे?

समजा, मूळ कर्नेल १२ मेगाबाइट आहे, दाबल्यावर ५ मेगाबाइट होते आणि उलगडायला ०.३ सेकंद लागतो. साठवण मंद असेल, सेकंदाला १० मेगाबाइट वाचणारी, तर दाबलेले कर्नेल ०.५ अधिक ०.३, म्हणजे ०.८ सेकंदात तयार होईल. न दाबलेल्याला १.२ सेकंद लागतील. येथे दाबणे फायद्याचे. आता साठवण सेकंदाला ५०० मेगाबाइट वाचणारी घ्या. दाबलेल्याला ०.०१ अधिक ०.३, म्हणजे ०.३१ सेकंद, आणि न दाबलेल्याला केवळ ०.०२४ सेकंद. येथे दाबणे तोट्याचे! दोन्ही ठिकाणी युक्ती एकच होती. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावरची कृती डोळे मिटून आपल्या यंत्रावर करू नये.

जे कापू नये ते

वेळ वाचवण्याच्या भरात माणूस चालत्या गाडीचे ब्रेकही काढून ठेवायचा! कर्नेलातून डिस्कचाच ड्रायव्हर गळला तर संगणक पाच सेकंदांत काय, पाच तासांतही सुरू होणार नाही. म्हणून अनुभवी कारागीर नवे कर्नेल बसवताना जुने, चालणारे कर्नेल तसेच बाजूला ठेवतात. नवे उठले नाही तर जुने हाती असते.

काही कामे वेळखाऊ असली तरी गरजेची असतात. पूर्वी अचानक वीज गेली की, पुढच्या वेळी लिनक्स सगळी डिस्क तपासत बसे. डिस्क मोठी असेल तर त्यात बराच वेळ जाई. ही तपासणी गाळावी, तर फायली बिघडण्याचा धोका. मग काय करावे? येथे कापण्यापेक्षा शहाणा मार्ग निघाला. दुकानदार दिवसभराचा व्यवहार आधी रोजकिर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो. मध्येच कोणी हाक मारली आणि काम अर्धवट राहिले, तरी रोजकिर्द पाहून ते पूर्ण करता येते. सगळ्या वह्या तपासाव्या लागत नाहीत. डिस्कसाठीही अशीच रोजकिर्द ठेवण्याची पद्धत आली. २००१ साली लिनक्सच्या मुख्य कर्नेलात दाखल झालेली 'ईएक्सटी-३' ही फाइल-व्यवस्था तशीच आहे. सुरक्षितता राहिली आणि वेळही वाचला. उत्तम सुधारणा ती हीच.

आता पुन्हा त्या मोटारीकडे वळू. सगळा संगणक दोन सेकंदांत जागा करणे नेहमी जमेलच असे नाही. पण कॅमेऱ्याचे चित्र दाखवण्यापुरते जे लागते ते सर्वांच्या आधी जागे करता येते. नकाशा, गाणी, दूरध्वनी हे सगळे मागाहून उठले तरी चालते. गाणे दहा सेकंद उशिरा लागले म्हणून कोणाला इजा होत नाही. मागे उभ्या असलेल्या मुलाला मात्र ते दोन सेकंदच वाचवतात. वेग वाढवणे म्हणजे सगळ्यांनीच धावाधाव करणे नव्हे. आधी कोणी उठायचे आणि कोणी थांबले तरी चालेल, हे समजून घेणे म्हणजे वेग.

करून पाहा

१. स्टॉप-वॉच घेऊन शाळेतला किंवा घरचा संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन वेळा टिपा: पडद्यावर चिन्हे दिसली ती वेळ आणि एखादी आज्ञावली उघडून तिच्यात खरोखर लिहिता आले ती वेळ. असे तीनदा करून सरासरी काढा. दोन वेळांत किती फरक पडला?

२. विंडोज-८ पासून पुढच्या विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर कर्नेलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सुरू करताना तीच परत उचलली जाते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र कर्नेल पहिल्यापासून जागे होते. दोन्ही प्रकारे वेळ मोजून पाहा. कोणता जास्त आला? का?

३. शिक्षकांच्या परवानगीने, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावलींची यादी पाहा. न लागणारी एकच आज्ञावली बंद करून पुन्हा वेळ मोजा. एका वेळी एकच बदल करायचा, हे विसरू नका. दोन बदल एकदम केले तर फायदा कोणामुळे झाला ते कळणार नाही.

४. शाळेत लिनक्स असेल तर शिक्षकांना 'सिस्टिमडी-ॲनलाइज' ही आज्ञा चालवून दाखवायला सांगा. कर्नेलला किती आणि बाकीच्या सेवांना किती वेळ लागला ते ती वेगवेगळे सांगते. कर्नेलचा वाटा किती टक्के येतो ते काढा. तो निम्मा केला तर एकूण किती टक्के बचत होईल?

५. सकाळी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत तुम्ही जी कामे करता, त्यांची यादी करा. प्रत्येक कामापुढे मिनिटे लिहा. कोणते काम कशावाचून अडते ते बाणांनी दाखवा. सर्वांत लांब साखळी शोधा. तिच्यातली कोणती कडी आखूड करता येईल? मग उद्या सकाळी ती करून पाहा. पहिल्या तासाच्या हजेरीला तुमचे नाव निघेल तेव्हा तुम्ही जागेवर असाल!